एकही हात वर नाही

हिंजवडीतल्या एका कंपनीत संचालक सबनीसांनी भर सभेत विचारलं, "'कॉम कंपोनंट' हे सॉफ्टवेअरचे जुने सुटे भाग अजून कोण वापरतं? हात वर करा." ज्यांनी हात वर केले, त्यांना महिनाअखेरीस नारळ मिळाला.

पुढच्या सभेत साहेबांनी पुन्हा तेच विचारलं. एकही हात हलला नाही.

"बघा, मेलं ते तंत्रज्ञान!" साहेब खुशीत म्हणाले.

प्रोग्रॅमर वृंदा गोडांबे उठली. "सर, स्मशानात जाऊन 'कोण कोण मेलंय, हात वर करा' म्हणालात, तरी एकही हात वर येणार नाही. मग तिथे कुणी मेलंच नाही म्हणायचं?"



"तुम्ही वापरता का?" साहेब गुरकावले.

वृंदाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि मग हात वर केला.