काकूंची बेल

“आपली सोसायटी म्हणजे एक कुटुंब!” असं भाषण ठोकून अध्यक्ष राजवाडे खाली बसले. समोर मालतीकाकू श्रवणयंत्राचा सेल बदलून ते पुन्हा कानामागे चढवत होत्या. राजवाड्यांना चेष्टेची लहर आली.

“काय काकू, घरी तुम्ही एकट्या. मग दिवसभर सेल कशाला जाळता?”

सभा हसली. काकूंनी यंत्र कानावर नीट बसवलं.

“पूर्वी वाटायचं, बेल वाजत असेल, मलाच ऐकू येत नसेल. यंत्र लावून वर्ष झालं, साहेब. कुकरची शिट्टी ऐकू येते, आज तुमचं भाषणही ऐकू आलं. बेल तेवढी वाजत नाही.”

हसू जागीच विरलं. राजवाडे चष्मा पुसू लागले.

एरवी काकू रात्रीचं जेवण झालं की यंत्र काढून, पुसून डबीत ठेवत. त्या दिवशी मात्र त्यांनी ते झोपेपर्यंत कानावरच राहू दिलं.