मडगार्डाची छाती

गाड्या माणसांपेक्षा जास्त बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर तुमच्याच गाडीला विचारा.

दौलत मिस्त्रीनं एका लाल स्पोर्ट्स कारला मागं रुंद टायर बसवले. पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डाला घासून धूर निघाला.

"सरक की म्हाताऱ्या! उद्या घाटात शर्यत आहे," टायर ओरडला.

"मी इथला जन्मापासूनचा. तूच पोट आत घे!" मडगार्ड खेकसलं.

"अरे, मी फाटलो तर गाडी घरीच बसेल."

गाडीचं नाव निघताच मडगार्डानं डोळे मिटले आणि मिस्त्रीला म्हटलं, "काप मला." मिस्त्रीनं त्याची कड कापली आणि वर रुंद पत्रा ठोकला.

शर्यतीत टायरनं उडवलेले सगळे खडे मडगार्डानं छातीवर झेलले. दाराला ओरखडासुद्धा नाही. गाडी पहिली आली! लोक टायर थोपटू लागले, तसा तो म्हणाला, "आधी या मडगार्डकाकांना थोपटा. मी दुकानातूनच रुंद आलो. ते कापून घेऊन रुंद झाले."