रस्त्यावर कोण पडलं होतं?

“पोलिसाच्या तोंडचा शब्द मी गाण्यात घेतला, तर गुन्हेगार मी कसा, पॉप?”

विहंग राजवाडे उभ्यानेच भांडत होता. समोर खुर्ची होती, पण बसायची त्याची तयारी नव्हती.

म्हातारा रूफस गेन्स टेबलाशी बसून ऐकत होता. अमेरिकेतल्या नेवार्क शहरात एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात तो पोरांना रॅप शिकवायचा. बोल ठेक्यात कसे बसवायचे ते शिकवायचा, आणि कुठे गप्प राहायचं तेही. तरुणपणी ड्रम वाजवायचा. आता बोटं वाकडी झाली होती, तरी ठेका पक्का होता. सगळे त्याला पॉप म्हणत.

काळ्या मुलांच्या त्या वर्गात विहंग एकटाच मराठी. डॉक्टर आईबापांचा मुलगा, वय बावीस. सगळ्यांत तिखट जीभ त्याची, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

“डेमेट्रियस वर्ग सोडून गेला,” पॉप म्हणाला.

“त्याच्यासाठीच लिहिलं मी ते गाणं! त्याच्याच वतीने!”

“त्याने सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? माझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं!”

ते खोटं नव्हतं. वर्ग सुटल्यावर दोघे बसस्टॉपकडे निघाले होते. भर दुपार. पोलिसांची गाडी करकचून थांबली. जवळच्या दुकानात चोरी झाली म्हणे. काही विचारायच्या आत डेमेट्रियसला पालथा पाडला, तापलेल्या डांबरावर गाल दाबला, पाठीवर गुडघा रोवला. खांदा निखळला त्याचा. आणि वर तो शब्द. गुलामांच्या बाजारापासून काळ्या माणसाला हिणवत आलेला शब्द. पोलीस तो असा म्हणाला, जसं कुणी रस्त्यावर थुंकावं.

चोर भलताच निघाला. माफी कुणी मागितली नाही.

विहंग घरी गेला तो पेटूनच. एका बैठकीत गाणं लिहून काढलं. शनिवारी बागेतल्या कार्यक्रमात त्याच गाण्याने सुरुवात करायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. वर्गात पहिल्यांदा म्हणून दाखवलं, तेव्हा डेमेट्रियस निम्म्यातच उठला. हात गळ्यातल्या झोळीत. कुणाकडे न बघता निघून गेला.

“म्हण,” पॉप म्हणाला.

“काय?”

“गाणं.”

पॉपने टेबलावर तळहाताने ठेका धरला. विहंग सुरू झाला. चांगलं होतं गाणं. राग खरा होता, यमकं चाबकासारखी फटकारत होती. ‘माझा गाल डांबरावर, माझ्या पाठीवर तुझा गुडघा...’

मग तो शब्द आला. पॉपचा हात हवेतच राहिला.

विहंग अडखळला. पॉपने पुन्हा ठेका धरला. पुन्हा तो शब्द आला. पुन्हा हात वर.

“हे काय चालवलंय तुम्ही?” विहंग उखडला. “तुमचीच पोरं गाण्यागाण्यातून हा शब्द म्हणतात! एकमेकांना प्रेमाने हाक मारतात त्याने! त्यांनी म्हटलं की चालतं?”

“माझ्या बापाला हा शब्द त्याच्या कामावरच्या मालकाने मरेपर्यंत ऐकवला,” पॉप म्हणाला. “बापाचं नाव मालकाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पोरं त्या शब्दाचं काय करतात, यावर मी त्यांच्याशी रोज भांडतो. ते आमच्या घरातलं भांडण आहे.”

“म्हणजे मी बाहेरचा. सावळा आहे तरी बाहेरचा! मला शाळेत काय कमी ऐकवलं? टेररिस्ट म्हणायचे. डबा उघडला की नाक धरायचे.”

“त्यावर गाणं केलंस?”

“...नाही.”

“का?”

विहंगने खांदे उडवले. “ते ऐकायला कोण येणार?”

बोलला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं. कान तापले त्याचे.

पॉपने ते धरून ठेवलं नाही. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं.

“डांबर गरम होतं?”

“खूप.”

“तुला कसं कळलं?”

“दिसत होतं ना. त्याचा गाल...”

“तू कुठे होतास?”

“तिथेच.”

“तिथेच म्हणजे?”

“...फूटपाथवर.”

“पडलेला?”

“उभा.”

बाहेरून एक गाडी गेली. काचा खाली, गाणं मोठ्याने. विहंगला वाटलं, ही जरा वेळ इथे थांबली असती तर बरं झालं असतं. तेवढंच बोलणं टळलं असतं. पण ती गेली.

“मी काय करायला हवं होतं?” तो एकदम ओरडला. “त्यांच्याकडे बंदुका होत्या! मध्ये पडलो असतो तर मलाही आपटलं असतं!”

“आपटलं असतं,” पॉप म्हणाला. “तू मध्ये का नाही पडलास, हे मी विचारलंच नाही.”

विहंग खुर्चीत बसला. इतका वेळ ताठ धरलेली मान आता खाली गेली.

“त्या पोलिसाने डेमेट्रियसला काय म्हटलं, ते तुझ्या गाण्यात आहे,” पॉप हळू आवाजात म्हणाला. “तुला काय म्हटलं?”

विहंग नखाने टेबलाची कड खरवडू लागला.

“म्हटलं असेल ना काही? तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास.”

“आठवत नाही.”

“आठवतं.”

“‘सर’ म्हणाला.” विहंग जमिनीकडे बघत बोलला. “डेमेट्रियसच्या पाठीवर गुडघा तसाच होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला... ‘सर, आपण जरा बाजूला व्हा.’”

“मग?”

“झालो.”

पॉपने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, पण तो विहंगवरचा नव्हता.

“शनिवारी हा शब्द गा. ‘सर’,” तो म्हणाला.