तीन पाषाणवीर

एका राज्यात इरावती नावाची महाराणी राज्य करी. तिच्या पणजोबांनी एका मांत्रिकाकडून तीन पाषाणवीर मिळवले होते. एक उत्तरेच्या खिंडीत उभा, एक मित्रराजाच्या बंदरात, एक कनकखोऱ्यात शत्रूसमोर. त्यांच्या धाकाने चारी दिशा नमत. पण दूर उभे राहूनही ते राजधानीच्या विहिरींचं पाणी पीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची तहान वाढत गेली, आणि इरावतीच्या काळी विहिरी तळाला लागल्या.

"एखादा वीर परत बोलावू का?" तिने दरबारात विचारलं.

सेनापती वज्रबाहू गरजला, "महाराणी, आपण जगज्जेत्या! शत्रू हसेल. उलट चौथा वीर मागवावा."

महाराणीने कपाळावर हात मारला. "अहो, विहिरीत चिखल उरलाय! चौथ्याला काय माझं रक्त पाजू?"

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राणी, वीर हुकमाने हलत नाहीत. शाप आहे तसा. धन्याने समोर जाऊन चारचौघांत म्हणावं, 'तू मला झेपत नाहीस.' तरच ते विरतात. तुझ्या वाडवडिलांची जीभ रेटली नाही."

महाराणी निघाली. सेनापतीही कुरकुरत निघाला.

खिंडीपलीकडच्या शत्रूचं कुळ कधीच बुडालं होतं. तिथे मेंढरं चरत होती. "याला आपण कोणासाठी पाजत होतो?" ती कडाडली. सेनापतीने मिशी चाचपली. ती ते शब्द बोलली, आणि वीर धुकं होऊन उडाला.

बंदरात मित्रराजा आडवा आला. "आपण वचन दिलं होतं!"

"दिलं होतं. पण आपली तळी भरलेली, माझी लेकरं तहानलेली. आपण पाजाल याला?"

"आमची तळी आटतील!"

"तेच तर सांगतेय, राजे."

ती ते शब्द बोलली. वीर विरला. मित्रराजा निरोपालाही आला नाही. ते तिला फार लागलं.

कनकखोऱ्यात मात्र तिने घाई केली नाही. तिथे तिची रयत होती. तिने आधी सगळी माणसं, गुरंढोरं नदीच्या अलीकडे आणली. म्हाताऱ्या आपल्या उंबऱ्यांना हात लावून रडल्या. मग समोर शत्रुराजा रणकेतू उभा असताना तिने ते शब्द तिसऱ्यांदा उच्चारले.

रणकेतू हसला. "एवढी मोठी राणी, आणि हरलीस?"

"खोरं घे. पण नदी ओलांडलीस, तर माझे हाडामांसाचे सैनिक आहेत. आजपासून तेही पोटभर पाणी पितील."

रणकेतूने नदीकडे पाहिलं, पलीकडच्या सैनिकांच्या रांगांकडे पाहिलं, आणि घोडा मागे वळवला.

शाप सुटला. विहिरी काठोकाठ भरल्या, खोऱ्यातल्या रयतेला राजधानीजवळ जमिनी मिळाल्या. राज्य लहान झालं, पण घरोघरी चुली वेळेवर पेटू लागल्या.

एके सकाळी वज्रबाहू पुन्हा दरबारात आला. "महाराणी, कनकखोरं परत कधी जिंकायचं?"

महाराणीने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"सेनापती," ती म्हणाली, "आता पाणी आहे. आधी अंघोळ करून या."