मिटलेलं लोखंड

दोष रंगराव पाटलाचा. त्याच्या मागे उभं राहून माना डोलावणाऱ्या पंचांचाही. आमच्याकडची मोठी माणसं ही गोष्ट सांगताना म्हणतात, देवीच्या मनात होतं. देवीच्या मनात काही नव्हतं. पाटलाच्या मनात होतं.

तर ऐका. फार वर्षांपूर्वी, घाटात आगगाडीचे रूळ नुकते पडले होते तेव्हाची गोष्ट. काम संपलं, माणसं निघून गेली आणि जाताना मोडकंतोडकं लोखंड तळेघोळच्या घळीत लोटून गेली. तुटके आस, वाकड्या कांबी, नळ, साखळ्या. तळेघोळला गेनबा लोहार होता आणि त्याची बायको राही होती. तो सांडशी धरायचा, ती घण मारायची. त्या भंगारातून दोघांनी गावाला फाळ दिले, कोयते दिले, विहिरीचे रहाट दिले.

पण दिसलं लोखंड की घाल भट्टीत, असं गेनबाचं नव्हतं. पांढऱ्या मुलाम्याचा पत्रा तो बाजूला टाकायचा. म्हणायचा, ह्याचा धूर छातीत बसतो. आणि दोन्ही तोंडं बंद असलेलं, मिटलेलं लोखंड हाती आलं की तो ते ठोकायचा आणि कानाला लावायचा. त्याला आतलं ऐकू यायचं, असं म्हणतात. आत पाणी असलं तर ते कुठल्या पावसाचं, हेही त्याला कळायचं, असं म्हणतात. मग तो लोखंड थंड असतानाच छिन्नीने भोक पाडायचा, आतलं पाणी काढून टाकायचा, आणि मगच विस्तव.

एका वर्षी गावानं ठरवलं, जत्रेला वाघजाईला नवा त्रिशूळ करायचा. पाटील स्वतः घळीत उतरला. त्यानं मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकं बंद असलेला एक नळ निवडला. त्याला हळदकुंकू लावलं, वाजतगाजत लोहाराच्या दारात आणला.

गेनबानं ठोकून पाहिलं. “पाटील, ह्याच्या पोटात पाणी आहे. आधी भोक पाडतो.”

“देवीच्या वस्तूला भोक?” पाटील म्हणाला. “खंडित झालं की चालत नाही तिला. आम्ही सांगायचं का तुला?”

पंचांनी माना डोलावल्या.

राही भात्यावरून म्हणाली, “तुमच्या घरी भाताच्या पातेल्याचं झाकण बांधून ठेवतात का हो चुलीवर?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाटील हसला नाही. “गेनबा, बायकोला आवर. जमत नसेल तर चूल उचल आणि गाव सोड. लोहार काय, दुसरा मिळेल.”

गेनबाला शेत नव्हतं, भाऊबंद नव्हते. त्यानं नळ विस्तवात ठेवला. सगळ्यांना म्हणाला, लांब व्हा. आणि सगळ्यांत आधी लांब कोण गेलं? पाटील. देवळाच्या भिंतीआड जाऊन उभा राहिला, पंच त्याच्या मागे. म्हणजे लोहार खरं बोलतोय हे त्यांना कळत होतं. हे असं म्हणतात नाही, हे मी म्हणतो.

देवीचं लोखंड विस्तवात गेलं की लाल होईपर्यंत भाता थांबवायचा नाही, अशी रीत. म्हणून राही भाता ओढत राहिली. गेनबाच्यानं बघवेना. तो धावत देवळाकडे गेला, पाटलाच्या पायाशी बसला. “अजून वेळ आहे. बाहेर काढू द्या.”

“मुहूर्त टळेल,” पाटील म्हणाला.

तेवढ्यात नळ फुटला.

आवाज सात डोंगरांपलीकडे गेला, असं म्हणतात. झाडांवरची पाखरं वर्षभर परत आली नाहीत, असं म्हणतात. नळाचा एक तुकडा समोरच्या कड्यातून आरपार गेला. त्या भोकातून आजही आभाळ दिसतं.

गेनबा रडला नाही. छिन्नी हातोडा घेऊन घळीत उतरला आणि मिटलेल्या एकेका लोखंडाला भोक पाडत गेला. दिवस गेले, ऊन गेलं, पाऊस गेला, ठोके थांबले नाहीत. घळीतलं शेवटचं लोखंड उघडलं आणि तो तिथूनच चालता झाला, असं म्हणतात. कुठे गेला ते कुणाला माहीत नाही.

तळेघोळला अजून भंगार आलं की आधी ठोकून पाहतात, भोक पाडतात, मगच भट्टीत घालतात. वाघजाईच्या त्रिशुळाच्या दांड्यालाही भोक आहे, आणि देवीला ते चालतं. जत्रेच्या सकाळी पहिलं लोखंड तापवताना भाता गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं ओढायचा, अशी रीत आहे. बाकीच्यांनी भिंतीआड जायचं. म्हातारा कुरकुरतो. आम्ही ऐकत नाही.

भट्टीची जागा सारवून तिथं दिवा लावतात आणि गेनबाचं नाव घेतात. नाव घेऊन काय होतं? त्याची बायको गेली. हाताला लागेल तेवढी गोळा करून त्यानं तिला एकट्यानं अग्नी दिला.