तोरणाची दारं आणि विरजणाचं भांडं

“नव्या सुनेच्या नावानं आणखी दोन दारं घेऊन टाकू. ती कुठं कुणाला सांगतेय? माहेराहून मूग गिळूनच आलीय बिचारी!”

माजघरात सासरे असं म्हणाले आणि धाकट्या दिराला टाळी देऊन खो खो हसले. पलीकडे स्वयंपाकघरात नवी सून ताक घुसळत होती. तिनं ऐकलं. खरं तर ते तिनं ऐकावं असं नव्हतंच, पण रवी थांबली की भिंती पातळ होतात. तिनं रवी पुन्हा फिरवायला घेतली.

ही गोष्ट फार जुनी, बरं का. इतकी जुनी, की तेव्हा कबुतरं माणसांशी बोलत आणि माणसंही हातातलं काम ठेवून ऐकत.

नदीकाठी एक नगर होतं. घरं बसकी, अंगणाची, मोजकीच. एका वर्षी दूर देशाहून रेशीम विणणाऱ्यांचा मोठा तांडा आला आणि त्यांना राहायला जागा हवी झाली. मग काय विचारता! कुणी माडी दिली, कुणी पडवी दिली. एकानं तर गाईला मेहुण्याकडे पाठवलं, गोठा सारवला आणि सोन्याच्या कड्याच्या बदल्यात तोही दिला. विणकर सुखानं राहिले. पण नगराच्या डोक्यातून तो गोठा काही गेला नाही.

तेव्हापासून जो तो बांधू लागला. या सुनेचे सासरे त्यात सगळ्यांच्या पुढे. मन मोठं, आवाज त्याहून मोठा आणि हात सदा शिवशिवणारे. त्यांनी सातमजली इमारत उठवली. ती पाहून शेजाऱ्यांनी उठवली. मग शेजाऱ्यांच्या साडूंनी. प्रत्येक मजल्याला लांबच लांब सज्जा, सज्जात ओळीनं दारं, दाराआड एकेक घर. पण घर असं कुणी म्हणतच नसे. “अमक्यानं एक दार घेतलं, तमक्यानं तीन घेतली,” अशी बोली.

दार घेतलं की त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, ही तिथली रीत. रोज संध्याकाळी सासरे पुलावर जाऊन उभे राहत आणि सज्जांकडे बघत. जिकडे तिकडे तोरणं!

“बघा, एक दार शिल्लक नाही,” ते म्हणत. “लोकांना घरं पुरत नाहीत.” आणि नव्या इमारतीचा पाया खणायला घेत.

“अहो, पण एवढी माणसं येणार कुठून?” सासूबाई कधीमधी विचारत.

“येणारे येतील!” सासरे म्हणत. नगरात सगळेच तसं म्हणत. म्हणताना हात हवेत असा काही फिरवत, की येणारे जणू वेशीपाशी पायच धूत असावेत.

बांधता बांधता नगरातली मोकळी जागा संपली. आणि म्हणून त्या दुपारी माजघरात ठरत होतं ते असं: आता आपलं राहतं घर पाडायचं आणि त्या जागेवर सगळ्यात उंच इमारत बांधायची. ती होईपर्यंत सगळ्यांनी वीटभट्टीवरच्या छपरात राहायचं. दारं गेली तर सोनंच सोनं. नाही गेली तर? ते कुणी बोललं नाही.

मिठाची बरणी कुठल्या फळीवर, कुठली पायरी कुरकुरते, परसातल्या पेरूची कुठली फांदी हाताला लागते, हे सुनेला आत्ता कुठं कळायला लागलं होतं. या घरात ती परकी होती ती हळूहळू आपली होत होती. आणि आता घरच राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हाती विरजणाचं भांडं दिलं. नव्या सुनेनं माहेरचं विरजण आसपासच्या प्रत्येक तोरणाच्या दारी चमचाभर द्यायचं, अशी पद्धत होती. एका विरजणाचं दही खाणारी माणसं भांडली तरी फार दिवस अबोला धरत नाहीत, असं तिथं मानत.

“आपल्याच इमारतीपासून सुरुवात कर,” सासूबाई म्हणाल्या. “आणि पुरवून पुरवून दे गं. दारं फार आहेत.”

सून गेली. पहिल्या दाराची कडी वाजवली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दाराला कुलूप. तिसऱ्याच्या कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेवढाच काय तो त्या मजल्यावर राहणारा विणकर. तोरणांची पानं वाळून कुरकुरीत झाली होती. ती वर वर चढत गेली. पाचव्या मजल्यावर एक तोरण ताजं दिसलं. ती आनंदानं पुढं झाली आणि थबकली. पानं ओवलेला तांबडा दोरा तिच्याच लग्नातला होता. चार दिवसांपूर्वी सासूबाईंनी ते तोरण तिच्याकडूनच ओवून घेतलं होतं. म्हणजे हे तिच्याच नावाचं दार! स्वतःला विरजण द्यावं तरी कसं? तिला हसू आलं.

दार ढकलून तिनं आत पाहिलं. खोल्या प्रशस्त, भिंती गुळगुळीत. पण चुलीचा ओटा नव्हता आणि वर धुराडंही नव्हतं.

शेवटच्या मजल्यावर कबुतरांची एक जोडी बसली होती.

“अगंबाई! माणूस!” कबुतरी म्हणाली. “वाट चुकलीस का गं?”

“विरजण द्यायला आले होते. इथं राहतं कोण?”

“आम्ही,” कबुतर छाती फुगवून म्हणाला. “उन्हाळ्यात पूर्वेच्या सज्जात, थंडीत पश्चिमेच्या.”

“आणि माझ्या मनाला एकही पसंत पडत नाही, हे नाही सांगितलंत,” कबुतरी म्हणाली. “एवढी घरं असली की बाई, अंडी घालायची कुठं हेच ठरत नाही. विरजण मात्र नको हो. आमच्यात दूध कुणी घेत नाही.”

सून भरलं भांडं घेऊन घरी आली. जेवताना तिनं सांगून पाहिलं, “तिथं विरजण घ्यायला कुणीच नव्हतं.”

“कामाला गेले असतील,” नवरा म्हणाला.

“सगळेच? चुलीसुद्धा नाहीत तिथं.”

“चुलीचं कुणी विचारलंच नाही घेताना,” सासरे म्हणाले. “भाव तेवढा विचारला. ए, भात आण बघू!”

सुनेनं भात आणला.

घर पाडण्याआधी दारं घेणाऱ्यांना जेवण घालायचं, ही बांधणाऱ्यांची रीत होती. तयारी सुरू झाली. सुनेनं ते सगळं विरजण दुधाला लावलं, दही टांगलं, चक्का केला आणि घंगाळभर श्रीखंड घोटलं.

“एवढं कसं गं झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“विरजण उरलं होतं ना, सासूबाई.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग वेलदोड्याची पूड पुढं केली.

अंगणाच्या चारी बाजूंनी पंगत बसली. कोपऱ्यात हळदकुंकू लावलेली पहार भिंतीला टेकून उभी होती. सून श्रीखंड वाढत निघाली. पहिले होते सोनार. त्यांच्या नावावर सहा दारं. वाढता वाढता ती हळूच म्हणाली, “काका, राहायला कधी येताय?”

“मी?” सोनार हसत कुजबुजले. “माझं घर काय वाईट आहे? मी ती दारं वैद्यबुवांना देणार, चढ्या भावानं. त्यांना बोलू नकोस हं.”

सून पुढच्या पानापाशी गेली. “वैद्यबुवा, तुम्ही कधी येताय?”

“सात मजले चढायला गुडघे काय उसने आणू? मी देणार आपल्या तेलीबुवांना. तू आपलं वाढ.”

तेलीबुवा देणार होते शेजाऱ्यांना. शेजारी देणार होते आपल्या साडूंना. साडू बोट चाटत म्हणाले, “मी होय? मी तुझ्या सासऱ्यांच्याच गळ्यात मारणार. त्यांना बांधकामाचं भारी वेड.”

चौकोन फिरून सून शेवटच्या पानापाशी आली. तिथं सासरे बसले होते.

“मामंजी, आपण शेजारच्या इमारतीत दारं घेतलीत ना, ती कुणासाठी?”

“ती होय?” सासरे हळू बोलू लागले. पण त्यांचं हळू म्हणजे चार घरांना ऐकू जाणारं. “ती मी सोनारांना देणार!”

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला सोनारांचा घास हातातच राहिला. “मला? अहो, मी तर वैद्यबुवांना...”

“मला?” वैद्यबुवा ओरडले. “मी तेलीबुवांना...”

“मला?” “मला?” असं करत तो प्रश्न अंगणभर फिरला आणि परत सासऱ्यांच्या पानापाशी येऊन बसला.

मग वैद्यबुवांना उचकी लागली. ती लागली तशी तेलीबुवा फसकन हसले आणि बघता बघता सगळी पंगत पोट धरून हसायला लागली. फक्त सासरे हसत नव्हते. ते कोपऱ्यातल्या पहारीकडे बघत होते.

“अरे, मग ते येणारे गेले कुठं?” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता.

विहिरीपाशी दुसऱ्या पंगतीची वाट बघत गवंडी बायकामुलांसह बसले होते. त्यातली एक म्हातारी गवंडीण म्हणाली, “आम्ही कधीचे आलोय की, मालक! पण तुमच्या दारांचा भाव ऐकला आणि नदीकाठच्या झोपड्यांतच थांबलो.”

सासरे उठले. पहार उचलली. सुनेनं डोळे मिटले. पण पहार घराच्या भिंतीवर पडली नाही. सासऱ्यांनी ती खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “जेवण झालं की चला सगळे. धुराड्यांसाठी भोकं पाडायची आहेत.”

दारांचे भाव उतरले, गवंड्यांना झेपतील इतके. सोनार आठवडाभर फुगून बसले. सोसावं सगळ्यांनाच लागलं, सासऱ्यांना सगळ्यात जास्त. पण दोन इमारती माणसांनी भरल्या. तिसरीत नगरानं धान्य साठवलं. बाकीच्या वरच्या सज्जांत कबुतरं घर पसंत करत राहिली. सगळ्यात उंच इमारत कधी झालीच नाही. सासऱ्यांच्या शिवशिवणाऱ्या हातांनी त्या वर्षी नुसते चुलीचे ओटे घातले, आणि प्रत्येक ओट्यावरचा पहिला गरम उकाळा हक्कानं प्यायला.

सुनेनं माहेराहून पुन्हा विरजण मागवलं आणि ती पुन्हा दारोदार गेली. या वेळी कडी वाजवायचीही गरज पडली नाही. फोडणीच्या वासावरून कळत होतं, कुठल्या दारी थांबायचं ते. देता देता भांडं असं रिकामं झालं की घरच्या दुधाला लावायला चमचाभरही उरलं नाही. तेव्हा ती स्वतःच वाटी घेऊन त्या म्हाताऱ्या गवंडिणीकडे विरजण मागायला गेली.

परतली तेव्हा ओसरीवर सगळे बसले होते. सासऱ्यांनी तिला थांबवलं.

“सूनबाई, तुला त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं, हो ना? मग मोठ्यानं बोलली का नाहीस?”

दिरानं मान खाली घातली. सासूबाई पदराआड हसल्या. सुनेनं वाटी जपून खाली ठेवली आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“मी मूग गिळले नव्हते, मामंजी, भिजत घातले होते; मोड यायला वेळ लागतो. आणि आता एवढं लक्षात असू द्या: घेणारे किती ते मोजून घर बांधू नये, राहणारे किती ते पाहून बांधावं.”