भिवराईची काळी भांडी

फार वर्षांपूर्वी, तिळी नदीवर अजून पूल नव्हता आणि हिरडवाडीची घरं नदीला खेटून होती, तेव्हाची ही गोष्ट. साल विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनी साल सांगितलं नाही, आणि मीही पदरचं घालणार नाही.

त्या काळी घाटावरून वर्षातून दोनदा भिवरा कासारीण यायची. नवरा गेल्यावर त्याचा बैलही तिनं सांभाळला आणि धंदाही. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना भांड्यांच्या गोण्या असायच्या. भांडी विकायची तीच, आणि त्यांना कल्हई करायची तीही तीच. पण तिची विकायची रीत जगावेगळी होती. ओसरीवर दुकान मांडून ती कधी बसली नाही. सरळ आत चुलीपाशी जायची, पाटावर टेकायची आणि घरच्या बाईला तीन गोष्टी विचारायची.

"तोंडं किती हाईत? पानी किती लांब हाय? चुलीशी कोन बसतं?"

तीन उत्तरं मिळाली की ती गोणीत हात घालायची. पाणी लांब असलं तर कळशी लहान द्यायची, कारण मोठी कळशी दारात शोभते पण कंबर मोडते. चुलीशी म्हातारी बसत असली तर तवा हलका द्यायची. नवा संसार मांडणाऱ्या पोरीला ती पाचच वस्तू काढून द्यायची: कळशी, तवा, पातेलं, काटवट आणि विळी. काही जण पळी धरून सहा म्हणतात. त्यावरून आमच्याकडे आजही भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. सहावं सातवं कुणी मागितलंच तर ती म्हणायची, "रोज हात लागतो ते भांडं. बाकीचं वझं." आणि गोणीचं तोंड बांधायची. गिऱ्हाईक परत पाठवणारी कासारीण पंचक्रोशीत दुसरी झाली नाही, असं म्हणतात.

हिरडवाडीला हे कसं मानवणार? आमच्या गावाला रुखवताची भारी हौस. लग्नात पोरीबरोबर आलेली पितळी भांडी मांडवात रचायची, आल्यागेल्यानं ती मोजायची, आणि मग ती घरच्या मांडणीवर जन्मभर नुसती बसून राहायची. चिंच लावून लख्ख घासायची, पण चुलीवर चढवायची नाहीत. चढवायची नाहीत म्हणून त्यांना आतून कल्हईही करायची नाही. या हौसेत पाटलांच्या घरची सोनाबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मांडणीवर एक्केचाळीस भांडी होती. सुनेला, द्वारकाला, माहेरच्यांनी भिवराकडून निवडून घेतलेली पाचच भांडी दिली, तेव्हा सोनाबाईनं ती रुखवतात मांडूच दिली नाहीत. मागच्या दारानं आत नेली. रोजचा स्वयंपाक मात्र द्वारका त्याच भांड्यांत करायची, आणि ती बाहेरून काळी होत गेली.

मग तो श्रावण आला.

नऊ दिवस पाऊस थांबला नाही. दहाव्या दिवशी सकाळी तिळीचं पाणी गाईंच्या गोठ्यात शिरलं. पलीकडे वाट बुडालेली, अलीकडे फक्त भैरोबाची टेकडी उंच. भिवरा त्या वेळी गावातच अडकली होती. ती दारोदार फिरून सांगत सुटली, "घरटी एकच पाटी घ्या. चुलीवरचं आधी घ्या, मग बाकीचं."

लोकांनी पाट्या भरल्या. पण भैरोबाच्या टेकडीचा एक नेम होता. देवाच्या जागी काळं भांडं न्यायचं नाही. जत्रेत नैवेद्याची भांडीसुद्धा राखेनं घासून, ऊन देऊन मग वर न्यायची. सोनाबाई पाटलीण टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि एकेका पाटीत डोकावून म्हणाली, "काजळीचं भांडं वर न्यायचं न्हाई. आधीच देव कोपलाय." पाटलीणबाईचा शब्द. बायांनी तवे, पातेली तिथंच चिखलात टाकली, माघारी पळाल्या आणि मांडणीवरची लख्ख भांडी पाट्यांत भरून आणली. द्वारका बारा दिवसांची बाळंतीण होती. तिच्या हातातलं पातेलं सासूनं घरून निघतानाच काढून घेतलं होतं आणि ओट्यावर ठेवलं होतं.

भिवरा बैल सोडवायला खालच्या आळीला गेली होती. ती वर पोचली तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं; बायांनी ते तिला सांगितलं.

टेकडीवर देवळात धुनी होती, लाकडं होती. नाचणीचं पीठ होतं, रांजणभर ताक होतं. नव्हतं ते शिजवायचं भांडं. समया होत्या, तबकं होती, अत्तरदाण्या होत्या, चाळीस घरांचं पितळ पावसात सोन्यासारखं चमकत होतं आणि पोरं भुकेनं रडत होती. कुणी पळसाच्या पानात पीठ थापून निखाऱ्यावर ठेवून पाहिलं. वरून करपलं, आत कच्चं राहिलं. दुसऱ्या दिवशी द्वारकाचं दूध आटलं. बाळ आधी रडत होतं, मग त्याचा आवाज बारीक झाला.

सोनाबाईनं तेव्हा आपलं सगळ्यात मोठं पितळी पातेलं धुनीवर ठेवलं आणि त्यात ताक ओतलं. भिवरानं ते उचलून आडवं केलं.

"पाटलीनबाई, याला कल्हई न्हाई. यात ताक कळकंल. बाळंतिनीला इख घालताय व्हय?"

आयुष्यभर घासलेली एक्केचाळीस भांडी, आणि नातवाच्या आईला घोटभर आंबील देता येईल असं त्यांत एक नव्हतं. सोनाबाई खाली बसली. कुणाकडं बघायची तिची छाती झाली नाही.

"वट्यावर ठेवलंय न्हवं तिचं पातेलं?" भिवरानं विचारलं, आणि पदर खोचून ती टेकडी उतरली.

पाणी छातीला होतं, असं म्हणतात. काही म्हणतात, गळ्याला होतं. ओट्यावर पातेलं तरंगत होतं, आणि तवा, काटवट, विळी सगळं त्यात कुणी रचून ठेवावं तसं बसलं होतं. भिवरा ते डोक्यावर घेऊन परत आली. पातेलं बाहेरून कोळशासारखं काळं होतं. आत तिनंच केलेली कल्हई पांढरी स्वच्छ होती. तसंच काळं ते देवळात गेलं आणि धुनीवर चढलं. भैरोबानं काही म्हटलं नाही.

आंबील शिजली. पातेलं दहा माणसांचं, आणि टेकडीवर अख्खं गाव. भिवरानं पळी हातात घेतली आणि विचारलं, "तोंडं किती हाईत?"

सोनाबाई उठली. तिनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं, तान्ह्या नातवापर्यंत. "एकशे बारा," ती म्हणाली.

भिवरा वाढत गेली. पहिली वाटी द्वारकाला दिली. मग पोरं, मग म्हातारी माणसं, मग सगळे. दहा माणसांच्या पातेल्यातून एकशे बारा वाट्या निघाल्या, असं म्हणतात. दुपारपर्यंत द्वारकाला पान्हा फुटला आणि बाळ पोटभर पिऊन झोपलं.

भिवरानं पळी पातेल्यावर आडवी ठेवली. "येका पातेल्यावर किती दिस काढनार? चिखलातली बाकीची आनते," असं म्हणून ती पुन्हा उतरली. लोक जेवत होते. कुणी तिला थांब म्हटलं नाही. तू जेवलीस का, हेही कुणी विचारलं नाही.

द्वारका पातेलं विसळायला उठली तेव्हा तळाशी एक वाटीभर आंबील उरलेली दिसली. तिनं ती एका पोराला वाढली. पातेल्यात पुन्हा तेवढीच होती. दुसऱ्याला वाढली, तरी तेवढीच. बाया गोळा झाल्या. कुणी म्हणालं देवाची करणी, कुणी हात जोडले. सोनाबाई मात्र पातेल्याकडं बघत राहिली आणि बोटांवर मोजायला लागली. मग तिनं कपाळावर हात मारला.

"म्या तिला मोजलीच न्हाई," ती म्हणाली. "एकशे तेरा हुती तोंडं."

ती तशीच पायथ्याला धावली. वाटी तिच्या हातात होती. पायथ्याशी फक्त पाणी होतं. तिनं हाका मारल्या, सगळ्या गावानं हाका मारल्या. बैलानं मान वर करून एकदा हंबरून पाहिलं.

भिवरा परत आली नाही. भांडी आली. संध्याकाळच्या उन्हात पाण्यावरून पातेली आली, कळश्या आल्या, आणि त्यांच्या मागून तवे तरंगत आले. लोखंड तरंगत नाही हे मलाही कळतं. पण आले, असं म्हणतात. बाकीच्या एकोणचाळीस घरांचे एकोणचाळीस तवे टेकडीच्या पायरीला लागले, आणि ज्या बाईचा जो, तो तिच्या पायाशी थांबला. सोनाबाईनं तव्याची काजळी बोटावर घेतली आणि सगळ्यांसमोर आपल्या कपाळाला लावली. सात दिवस गाव त्या भांड्यांवर जगलं. एकही माणूस दगावला नाही, त्या एकीवाचून.

पूर ओसरल्यावर गाव वर सरकलं. सोनाबाईनं आपलं पितळ मोडून त्याची घंटा ओतवली. ती भैरोबाच्या देवळात आहे, तुम्ही जाल तेव्हा वाजवून बघा.

आजही हिरडवाडीत रुखवतात पाच भांडी मांडतात. सहा म्हणणारे सहा मांडतात. श्रावणात एक दिवस, भिवराईच्या नावानं, बाया चुलीवरची भांडी न घासता, काजळीसकट टेकडीवर नेतात, आणि लहान पोरांच्या कपाळाला तिथं तव्याची काजळी लावतात. आता गॅस आला, कुकर आला, तवे फारसे काळे होत नाहीत. म्हणून त्या दिवसापुरती अंगणात तीन दगडांची चूल मांडतात आणि तवा मुद्दाम काळा करतात.

आणि नवी सून पहिल्यांदा चुलीशी बसते तेव्हा सासू तिच्याशेजारी टेकते आणि विचारते, "तोंडं किती हाईत?"

सून घरातली माणसं मोजते. घरात पाच असली तर ती सहा सांगते, आठ असली तर नऊ. पहिली वाढणी एका वाटीत काढून उंबऱ्यावर ठेवते. ती वाटी भरल्याशिवाय त्या घरात कुणी जेवायला बसत नाही.